खिडकीपुढं उभी राहिलेली बाई

लोक विचारतात, तुम्ही इतकी वर्षं नाटकांची परीक्षणं लिहिली, मग अंधारात टिपून कसं घ्यायचे? मी टिपून कधी घेतलंच नाही. माझी पद्धत सोपी होती. नाटक पाहायचं, घरी येऊन वरण-भात खायचा आणि झोपायचं. सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढं जे उरलेलं असेल तेवढंच नाटक. झोपेनं जे वाहून नेलं ते वाहून जाण्यासारखंच होतं असं समजायचं आणि चहा घेऊन लिहायला बसायचं.

या पद्धतीत एक धोका होता. नाटकात नसलेलंही कधीकधी सकाळी उरायचं. एका पौराणिक नाटकात राजाच्या सिंहासनामागून एक रोही, म्हणजे नीलगाय, शांतपणे चालत गेल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. आमच्याकडे रोही रानात असतो, रस्त्यावर येतो, पिकात घुसतो. राजवाड्यात काहून येऊ नये? मी लिहून टाकलं की वन्य प्राण्याची योजना अर्थपूर्ण होती. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक पेढे घेऊन दारात हजर. म्हणाला, "बाकी कोणाले दिसला नाई जी. तुमाले दिसला, हेच आमचं यश."

मी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दिवसभर बाजारभाव, निधनवार्ता, हरवले-सापडले हे माझं काम. परीक्षणं माझ्याकडे आली कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला नट रस्त्यात भेटत नाही. आमचा नट सकाळी दूध घालायला यायचा, नटी पोरीला शाळेत शिकवायची आणि खलनायक बँकेत आमच्याच पासबुकावर शिक्का मारायचा. कोणाला काय लिहायचं, सांगा बरं.

म्हणून आमची एक भाषा ठरलेली होती. 'भूमिकेला न्याय दिला' म्हणजे संवाद पाठ होते. 'समर्थ साथ दिली' म्हणजे स्टेजवर होता एवढं नक्की. 'प्रयत्न स्तुत्य आहे' असं शेवटी आलं की जाणत्या वाचकानं समजून घ्यावं आणि नाटकाला जाऊ नये. सगळ्यांत मोठा दंडक असा की प्रत्येकाचं नाव आलंच पाहिजे. पडदा ओढणाऱ्याचंसुद्धा. एकदा एका नाटकात पहिल्या अंकापासून चादरीखाली मेलेल्या काकांचं काम करणाऱ्या गृहस्थांचं नाव माझ्याकडून सुटणार होतं. त्यांच्या सौभाग्यवती छापायच्या आदल्याच दिवशी भाजीबाजारात गाठून म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं लिहा बरं का भाऊ, लई मेहनत घेतली त्यांनी." मी लिहिलं: काकांच्या भूमिकेत अमुक यांनी अखेरपर्यंत संयम राखला. ते कात्रण त्यांच्या घरी बैठकीत लावलेलं मी पुढं स्वतः पाहिलं.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेतून नटाला विसरलेलं वाक्य सांगणारा. त्याचं नाव घ्यायची मात्र रीत नव्हती, कारण तो ऐकू येऊ नये अशी अपेक्षा असते. आमच्याकडे तो नायकाच्या आधी ऐकू यायचा. अशा वेळी मी लिहायचो की सर्व संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. हे खोटं नव्हतं.

थोडा अभिमान सांगतो. तिसऱ्या रांगेतली वाटेकडची खुर्ची माझी, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी हसलो की मागचे हसायचे. म्हणून मी हसायचोच नाही. टाळीही वाजवायचो नाही. इतक्या वर्षांत स्टेजची पायरी चढलो नाही. नाटक त्यांचं, खुर्ची आपली. आता खंतही सांगतो. एवढी नाटकं पाहिली, त्यातली बहुतेक आता एकात एक मिसळून गेली आहेत. दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला की एका नाटकातला बाप दुसऱ्या नाटकातल्या पोरीला ओरडतो आणि तिसऱ्याच नाटकातला नोकर पाणी घेऊन येतो. एक नाटक तेवढं कशातच मिसळलं नाही.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. दर आठवड्याला कोणती तरी समिती यायची, कधी दिल्लीची, कधी मुंबईची. पांढऱ्या गाड्या खेड्याखेड्यांतून फिरायच्या. साहेब लोकांचा सगळा दिवस त्या गाड्यांच्या मागं जायचा आणि कचेरीतली कामं होती तिथंच राहायची. आमच्या पहिल्या पानावर रोज त्याच बातम्या. त्यातच वरून आलं की लोकांचं मनोबल वाढवा. मनोबल कशानं वाढतं हे वरून आलं नव्हतं. मग कोणी कीर्तन ठेवलं, कोणी भारूड, एका ठिकाणी तर भर उन्हात कास्तकारांना ओळीनं उभं करून हसायला लावलं. आणि एका तहसील कचेरीतल्या मंडळींनी नाटक बसवलं. कोणत्या तालुक्याची कचेरी ते सांगत नाही, त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात.

नाटक मुनाफभाईंनी लिहिलं होतं. मुनाफभाई त्या कचेरीतले टंकलेखक. घरी तीन पिढ्यांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान, आणि हे त्यातून निघून सरकारात लागलेले. साहेबांची पत्रं टाइप करता करता त्यांना नाटक सुचायचं. नाटकाचं नाव 'खिडकी क्रमांक चार'. गोष्ट एवढीच की एक म्हातारा दाखल्यासाठी येतो, त्याला पहिल्या खिडकीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या आणि तिसऱ्यावरून चौथ्या खिडकीवर पाठवतात. चौथ्या खिडकीतल्या बाबूला सबंध नाटकात दोनच शब्द. "उद्या या." तो ते दर वेळी वेगळं म्हणतो. कधी प्रेमानं, कधी वैतागून, कधी स्वतःच रडकुंडीला येऊन.

तो बाबू करायचा प्रल्हाद वानखडे. खऱ्या कचेरीतही कारकूनच. उंच, वाकलेला, बोलायला एकदम हळू. तालीम पाहायला गेलो होतो तेव्हा मला म्हणाला, "मले पाठ कराचं काई कामच नाई जी. दिवसभर तेच करून राह्यलो ना." सगळे हसले. तो नाही हसला.

बोरी अरबला, ढाणकीला, कळंबला प्रयोग झाले. लोक पोट धरून हसले. सरकारी माणसं स्वतःवरच हसतात हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. पण माझ्या डोक्यात राहिला तो त्यांच्याच तालुक्यातल्या एका गावातला प्रयोग. तिथं बंद पडलेली एक जिनिंग होती. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. नाटक तिच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलं होतं. संध्याकाळी वीज नसायची, भारनियमन होतं, म्हणून नाटक दुपारी.

आता दुपारच्या नाटकाला अंधार कुठून आणणार? टिनाला जागोजागी भोकं पडलेली. त्यांतून उन्हाचे कवडसे स्टेजवर उतरले होते आणि जुन्या रुईचे तंतू त्यांत तरंगत होते. कोणी पाऊल आपटलं की आढ्यावरून आणखी तंतू सुटायचे आणि सावकाश, फार सावकाश खाली यायचे. मी खुर्चीत बसलो आणि मला वाटायला लागलं की आपण आधीच झोपलोय आणि हे उद्या सकाळचं उरलेलं आहे. पडदाही नव्हता. माल ठेवायचा ओटा तेच स्टेज. त्यावर ग्रामपंचायतीतून उचलून आणलेलं टेबल, तीच खुर्ची, तीच टेबलावरची घंटी. समोर बसलेल्या माणसांनी त्या टेबलापुढं आयुष्यभर हात जोडलेले. आणि टेबलामागं बसलेला वानखडेही त्यांच्या ओळखीचा. त्याला कोणी रंगही लावला नव्हता, कारण रंग घामानं उतरत होता.

दुसऱ्या अंकात रांगेचा प्रसंग होता. म्हातारा, त्यामागं दोन-तीन नट. रांग पुढं सरकते, बाबू म्हणतो उद्या या, माणूस वळसा घालून पुन्हा रांगेत येतो. लोक हसून राहिले होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई उठली. पन्नाशीची असेल, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. सरळ ओट्यावर चढली आणि रांगेत शेवटी उभी राहिली. तिच्या पुढचा नट तिच्याकडे पाहून जरा सरकला. त्याला वाटलं, मुनाफभाईंनी नवीन पात्र घातलंय. मलाही तसंच वाटलं.

रांग पुढं गेली. बाईची पाळी आली. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, माह्या पांदणीचं काय झालं?"

पांदण म्हणजे शेतात जायचा गाडीरस्ता. दोन वावरांच्या धुऱ्यांमधून, म्हणजे शेतांच्या बांधांमधून, जातो, कोणा एकाचा नसतो. बाईचं नाव अनुसयाबाई. तिच्या शेजाऱ्यानं तो नांगरून आपल्या वावरात घेतला होता आणि तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. बाईचा कापूस वेचून झाला होता, वावरातल्या झोपडीत भरून ठेवला होता. गाडी आत जाईना. नवरा पायानं अधू. तिनं तहसीलमध्ये अर्ज दिला होता, साहेबांनी जागेवर येऊन पाहायचं होतं आणि साहेब समित्यांच्या गाड्यांमागं होते. ती खऱ्या कचेरीत कितीदा तरी येऊन गेली होती. खऱ्या कचेरीत तिची गाठ वानखडेशीच पडायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की वानखडेचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

रुईच्या गाठीमागं बसून मुनाफभाई प्रॉम्प्टिंग करत होते. त्यांना वाटलं, हा विसरला. "उद्या या," ते म्हणाले. लोक हसले. "अरे वानखडे, उद्या या, उद्या या," मुनाफभाई मोठ्यानं म्हणाले. आणखी हसू झालं. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेला एक माणूसही हसताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला; तोच तो शेजारी, हे नंतर कळलं.

वानखडे खुर्चीतून उठला. म्हणाला, "बाई, तुमी नका येऊ. सोमवारी मी येतो."

बाई म्हणाली, "नक्की?"

"नक्की. मी सोता येतो."

बाईनं पिशवी उचलली, मान हलवली आणि खाली जाऊन आपल्या जागेवर बसली. कोणी हसलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. तंतू तेवढे खाली येत राहिले. मग म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटानं कसंबसं पुढचं वाक्य उचललं आणि नाटक चालू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर सगळ्या नाटकातली ती बाईच तेवढी उरली होती. रोह्याची आठवण झाली आणि मी जरा चरकलो. खरंच होती ना? पण कापडी पिशवीवरचं दुकानाचं नावसुद्धा मला आठवत होतं. पाहिलं तसं लिहिलं. रांगेत एक बाई येते, बाबू पहिल्यांदाच स्वतः यायचं कबूल करतो, आणि नाटक इथं एकदम खरं होतं, असं काहीसं. संपादकांनी वर मथळा टाकला, 'रंगमंचावर अवतरलं वास्तव'. असे मथळे त्यांच्याकडे तयारच असायचे.

मुनाफभाई खूश. त्या एका परीक्षणावर नाटकाचं नाव झालं, आणि यवतमाळला कर्मचाऱ्यांची नाट्यस्पर्धा होती तिला मंडळींनी जायचं ठरवलं. वानखडे मात्र दोन-चार दिवसांनी एकटाच आमच्या पेपरच्या कचेरीत आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना.

"भाऊ, तुमी लिवलं ते चांगलं लिवलं," तो म्हणाला. "पण मी गेलतो सोमवारी."

"मग?"

"मंग काय. तो शेजारी म्हणे, ऑर्डर दाखव. माह्याजवळ कोन्ती ऑर्डर? मी का तहसीलदार हाव? काट्या उचलाले गेलो तं त्याचे दोन पोरं आडवे झाले. परत आलो. तिनं मले चहा देल्ला भाऊ. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. तवापासून झोप नाई मले. डोया लागला का थे बाई रांगेत येऊन उभी राह्यते."

नाटकातल्या माणसाशी खुर्चीवरून बोलायची मला सवय नव्हती. मी चहा मागवला. चहा आला तसा तो कसनुसा हसला आणि न पिताच गेला. मला फार वाईट वाटलं.

स्पर्धेसाठी मुनाफभाईंना ती बाई हवी होती. तो प्रसंग नसला तर नाटकात काय राहिलं, पेपरात तर तेच आलंय, असं त्यांचं म्हणणं. ते मोटारसायकलवर तिच्या घरी गेले. अनुसयाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाटकात येऊन माही पांदण मोकळी होईन का?" मुनाफभाई खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, "ते नाही सांगता येत, बाई. पण मोठे मोठे साहेब पाहायला येणार आहेत." बाई म्हणाली, "येतो मंग." वानखडेला हे मुळीच पसंत नव्हतं. तो म्हणाला, तिची थट्टा होऊन राहिली. मुनाफभाईंनी त्याला समजावलं, "मियाँ, आपल्याजवळ दुसरं काय आहे? ऑर्डर नाही, गाडी नाही. नाटक आहे, तेच करू."

यवतमाळचं सभागृह भरलं होतं. परीक्षक बाहेरगावचे, खादीचे झब्बे घातलेले, मांडीवर कागद. पहिल्या रांगेत एक वरिष्ठ अधिकारी, शेजारी त्या तालुक्याचे तहसीलदार. मी माझ्या खुर्चीत. इथं अंधार होता, दिवे होते, मखमली पडदा होता. मला मात्र सारखं वाटत होतं की वरून काही तरी पांढरं तरंगत खाली येतंय. डोळे चोळून पाहिलं तर काही नव्हतं.

दुसरा अंक. रांग. अनुसयाबाई शेवटी उभी. तीच पिशवी. तालमीत ठरलं होतं की ती विचारेल, बाबू म्हणेल सोमवारी मी येतो, आणि तिथंच पडदा.

"साहेब, माह्या पांदणीचं काय झालं?"

वानखडे उठला. त्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले. "बाई, तुमी नका येऊ," तो म्हणाला. "सोमवारी मी येतो."

पडदेवाल्यानं दोरीला हात घातला. तेवढ्यात बाई म्हणाली, "सोमवार तं होऊन गेला, साहेब."

पडदेवाला थांबला.

"तुमी आलते. म्या चहा केल्ता. काट्या तशाच हायत." तिचा आवाज जराही चढला नव्हता. शेजारणीला सांगावं तसं ती सांगत होती. "तुमचं चुकलं नाई. पण आता कोन्त्या सोमवारची वाट पाहू, थेवढं सांगा."

वानखडेनं विंगेकडे पाहिलं. पण मुनाफभाईंचा आवाज आला नाही, कारण पुढचं वाक्य कोणी लिहिलेलंच नव्हतं. शेवटी पडदेवाल्यानंच काय ते समजून दोरी ओढली. आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. मी आयुष्यात पहिल्यांदा टाळी वाजवली. कोणी पाहिलं की नाही, कोणास ठाऊक.

निकाल लागला. परीक्षकांतले मुख्य गृहस्थ बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "सोमवार होऊन गेला, या एका वाक्यात नाटककारानं आपल्या व्यवस्थेतला काळच थांबवला आहे." आणखीही बरंच म्हणाले. असंगत नाट्याशी नातं लावलं, मौनाचा वापर किती विचारपूर्वक आहे ते सांगितलं. मी इतकी वर्षं तेच करत आलो होतो, त्यामुळे त्यांना हसायचा मला काही हक्क नव्हता. लेखनाचं पहिलं बक्षीस मुनाफभाईंना जाहीर झालं.

मुनाफभाई वर गेले. ढाल हातात घेतली नाही. माइकपाशी गेले आणि म्हणाले, "माफ करा साहेब. हे वाक्य माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना बोलवतो." आणि विंगेतून अनुसयाबाईला हाताला धरून आणल्यासारखं घेऊन आले.

माइक तिच्या उंचीला नव्हता. कोणी तरी खाली केला. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "जय भीम. हे नाटक नाई. माही पांदण खरीच बंद हाय." मग गावाचं नाव सांगितलं, वावर कुठं आहे ते सांगितलं, झोपडीत कापूस पडून आहे आणि आभाळ आलं की जीव खालीवर होतो हे सांगितलं. बक्षिसाबद्दल एक शब्द नाही.

वरिष्ठ अधिकारी खुर्चीत पुढं झाले. "हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?" त्यांनी विचारलं.

तहसीलदार जमिनीकडे पाहत होते. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचाही जीव त्या गाड्यांमागं फिरून मेटाकुटीला आला होता. वानखडेला गप्प राहता आलं असतं. पोरीचं लग्न काढलं होतं, घर तालुक्याच्या गावीच होतं, साहेब समोर बसले होते. पण तो बाबूच्याच कपड्यांत पुढं आला आणि म्हणाला, "आमच्याच तालुक्यात येते, साहेब. फाइल माझ्याच टेबलावर आहे. जागेवर जायचं तेवढं राहिलं आहे." एवढं बोलून तो बाजूला झाला.

पुढच्याच सोमवारी पांदण मोकळी झाली. साहेब आले, मोजणीवाला आला, पोलीस आले. काट्या उचलल्या, नांगरलेली माती यंत्रानं दाबून सारखी केली. शेजारी आधी बराच बोलला आणि मग आपल्या धुऱ्यावर जाऊन बसला. त्याच आठवड्यात आणखी एक कागद निघाला. वानखडेची बदली, प्रशासकीय कारणास्तव, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कोणी म्हटलं नाही. आमच्या पेपरनंही नाही.

कापूस निघायच्या दिवशी मी गेलो होतो. परीक्षणासाठी नव्हे. मला जावंसं वाटलं. वानखडेही आला होता, पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन, कारण नव्या जागी जायची एसटी त्या गावच्या फाट्यावरूनच जायची. दुपारचं ऊन होतं. गाडीत कापूस दाबून दाबून भरला, वर दोर आवळले, तरी तो बाजूंनी बाहेर येतच होता. वानखडे पेटी उचलून पायी निघाला, तर अनुसयाबाई म्हणाली, "साहेब, कुठी चालले? वर बसा."

"नाई नाई बाई. कापूस दबन."

"दबू द्या. म्या येवढ्या दिवस वाट पाह्यली या गाडीची. पयल्या गाडीत तुमीच बसान."

तो नाही-नाही म्हणत राहिला आणि तिच्या नवऱ्यानं खालून, आम्ही बाजूनं, त्याला वर चढवला. पेटीही चढवली. तिच्या दिरानं बैल हाकले. गाडी नव्या मातीवरून हलत हलत निघाली. मी आणि अनुसयाबाई मागून चालत होतो. कापसाचे बोळे वाटेवर गळत होते आणि ती ते एकेक उचलून पदरात घेत होती. वर आभाळाला टेकल्यासारखा तो उंच, वाकलेला माणूस बसला होता. आधी ताठ बसला होता. मग हळूहळू मागं कलला. मग फक्त त्याचे पाय दिसायला लागले. दोन्ही बाजूंच्या वावरांत कापसाची पऱ्हाटी वाळून उभी होती आणि बैलांच्या घुंगरांशिवाय कसला आवाज नव्हता. मी इतकी नाटकं पाहिली, पण इतकं सावकाश काही चाललेलं कधी पाहिलं नाही, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

फाटा आला. एसटीही दुरून येताना दिसली. मी गाडीच्या चाकावर पाय देऊन वर पाहिलं. वानखडे गाढ झोपला होता. तोंड थोडं उघडं, मिशीवर कापूस, एक हात पेटीवर. मी त्याला हलवायला हात पुढं केला.

"राहू द्या, भाऊ," अनुसयाबाई खालून हळू म्हणाली. "निजू द्या त्यायले."

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, कोणी आहे का? बाईनं मान हलवून नाही म्हटलं. एसटी गेली. दिरानं जुवाला टेकू लावला, बैल सोडून लिंबाच्या सावलीला बांधले, आणि आम्ही तिघं गाडीच्या सावलीत पुढच्या एसटीची वाट पाहत बसलो.